चंद्र किती वार लांब आहे? कापडाची मापं, आकाशातली अंतरं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी कापडाचं दुकान होतं आणि गेली काही वर्षं मी शाळेतल्या मुलांना आकाशदर्शनाला नेतो. दुर्बिणीसमोर रांगेत उभी असलेली मुलं आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आज्या अंतरं विचारतात, आणि किलोमीटरात सांगितलेला आकडा कुणाच्याच डोळ्यांसमोर उभा राहत नाही. वारात, हातात, तसूत सांगितला की लगेच पुढचा प्रश्न येतो. त्या प्रश्नांतले सगळ्यात जास्त वेळा आलेले इथे घेतले आहेत.

चंद्र किती वार लांब आहे?

सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ४२ कोटी ४ लाख वार. नऊवारीत मोजायचं तर ४ कोटी ६७ लाख नऊवाऱ्या, पदराला पदर जोडून.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात लहान मुलींसकट ५ कोटी ४१ लाख स्त्रिया होत्या. प्रत्येकीची एकेक नऊवारी घेतली तर कापड चंद्रापर्यंत पोहोचून वर साठ हजार किलोमीटर उरतं. मला हा हिशेब फार आवडतो, कारण यात दोन्ही बाजूंचे आकडे आपल्या आवाक्यातले आहेत.

वार म्हणजे नेमका किती?

३६ इंच, म्हणजे ०.९१४४ मीटर. हा आकडा आज अगदी नेमका आहे, पण पूर्वी तो तसा नव्हता. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून तो ठरवला. त्याआधी अमेरिकेचा वार आणि ब्रिटनचा वार यांत केसाहून बारीक फरक होता. पोलक्याच्या कापडात तो कधीच दिसला नसता. सूर्यापर्यंतच्या अंतरात मात्र दिसतो. जुना अमेरिकी वार आजच्यापेक्षा दहा लाखांत दोन भागांनी मोठा होता. तेवढ्या फरकाने सूर्य सव्वातीन लाख वार, म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटर, इकडे-तिकडे होतो.

आणि आकाशातली मापं?

तीन पुरेत. पहिलं खगोलीय एकक: पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर. २०१२ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ते १,४९,५९,७८,७०,७०० मीटर असं कायमचं ठरवून टाकलं. दुसरं प्रकाशवर्ष, साधारण ९.४६ लाख कोटी किलोमीटर. तिसरं पार्सेक, ३.२६ प्रकाशवर्षांचं, त्याबद्दल पुढे.

प्रकाशवर्षात 'वर्ष' हा शब्द असला तरी ते अंतर आहे, काळ नव्हे. आपण 'गाव दोन तासांवर आहे' म्हणतो, तसंच हे.

सूर्य किती वार? किती गज? किती हात?

आधी वारात आणा, मग पुढे जा. हा क्रम मोडू नका. सूर्य १,६३,६०,२२,२०,८०० वार लांब आहे, बोलताना १६,३६० कोटी म्हणावं. आता त्याला हातांसाठी २ ने गुणा, गिरहांसाठी १६ ने, आणि मुंबईच्या जुन्या तसूंसाठी ३२ ने. गज, गिरह आणि तसू म्हणजे किती, ते पुढच्या प्रश्नात. इंग्लंडच्या कापडबाजारात पूर्वी 'एल' नावाचं ४५ इंची माप होतं. त्यासाठी ४ ने गुणून ५ ने भागा, की १३,०८८ कोटी एल येतात. फ्लँडर्सचा, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा, एल २७ इंचांचा, म्हणून तिथे ४ ने गुणून ३ ने भागायचं, म्हणजे २१,८१४ कोटी. स्कॉटलंडचा एल ३७ इंचांच्या जवळचा. पॅरिसचं 'ओन' १.१८८ मीटरचं. यांना सोपा अपूर्णांक नाही, सरळ मीटरातूनच जावं.

गज २७ इंचांचा की ३६ इंचांचा?

दोन्ही बरोबर आहेत, आणि ३३ इंचांचाही आहे. इंग्रज अमदानीत मुंबईकडचा गज २७ इंचांचा, मद्रासचा ३३ इंचांचा आणि बंगालचा ३६ इंचांचा धरत. अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा होता, तोही पुढे इंग्रजांनी ३३ इंच मानला. त्यामुळे जुन्या वहीत 'दहा गज मलमल' एवढंच वाचून मीटर काढायला बसू नये. वही कुठल्या पेठेची आहे, ते आधी पाहावं.

तसू हा गजाचा चोविसावा भाग. गज बदलला की तसूही बदलला. मुंबईचा २७ इंची गज घेतला तर तसू सव्वा इंचाहून थोडा कमी, नेमका १.१२५ इंच येतो. गिरह हा ३६ इंची गजाचा सोळावा भाग, म्हणजे सव्वादोन इंच. आता पाहा: इंग्लंडचे कापडवाले वाराच्या सोळाव्या भागाला 'नेल' म्हणत, तोही सव्वादोन इंच. आणि फ्लँडर्सचा एल मुंबईच्या गजाएवढाच, २७ इंच. यांचं एकमेकांशी नातं आहे असं मी म्हणत नाही. कापडाची घडी पुन्हा पुन्हा निम्मी करत गेलं की चार, आठ, सोळा असेच भाग पडतात, आणि हे दुकानात उभ्या राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

'हात' तर प्रत्येकाचा वेगळा. मग हिशेब कसा जमायचा?

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. त्याचे २४ अंगुळं, निम्म्याची वीत. व्यवहारात १८ इंच धरतात, म्हणजे दोन हातांचा वार आणि अठरा हातांची नऊवारी.

माझ्या आजीचं एक इरकली लुगडं आमच्या ट्रंकेत आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर काढलं, गच्चीवर चटई अंथरून त्यावर पसरलं आणि टेपने मोजलं. ८ मीटर ५ सेंटिमीटर भरलं, नऊ वारांना अठरा सेंटिमीटर कमी. वर्षानुवर्षं धुऊन आटलं असेल, किंवा मुळातच तेवढं असेल. मग टेप बाजूला ठेवली आणि आजी मोजायची तसं हाताने मोजलं. माझा हात साडेत्रेचाळीस सेंटिमीटरचा आहे. अठरा हात भरले आणि वर माझी एक वीत उरली.

म्हणजे टेप सांगते कापड कमी आहे, हात सांगतो जास्त आहे, आणि लुगडं तर तेच आहे. कुठलंही रूपांतर करताना हे लुगडं डोळ्यांसमोर ठेवावं. मापाचं नाव एकच असलं तरी माप एक असतंच असं नाही.

आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत योजनं आहेत. त्यांचे हात आणि वार करता येतात का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, म्हणून उत्तर लांब आहे.

भास्कराचार्यांनी लीलावती या आपल्या गणितग्रंथाच्या सुरुवातीलाच मापांची साखळी दिली आहे. आठ यवांचं एक अंगुळ, २४ अंगुळांचा एक हस्त, चार हस्तांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचं योजन. गुणाकार केला तर एका योजनात ३२,००० हस्त येतात. त्यांच्या सहाशे वर्षं आधी आर्यभटांनी योजन वेगळ्या शब्दांत सांगितलं: आठ हजार पुरुष-उंचींचं एक योजन, आणि पुरुष चार हातांचा. पुन्हा ३२,००० हातच. ज्या हाताने कापड मोजायचं, त्याच हातापासून आकाशाचं माप सुरू होतं. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी वही मिटून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

आता हिशेब करून पाहू. सिद्धांतग्रंथांत चंद्राच्या कक्षेचा परीघ ३,२४,००० योजनं आहे, म्हणजे चंद्र आपल्यापासून ५१,५६६ योजनं लांब. गुणिले ३२,०००. झाले १६५ कोटी १ लाख १२ हजार हात. हात १८ इंचांचा धरला तर ७ लाख ५४ हजार किलोमीटर. खरं अंतर ३ लाख ८४ हजार. जवळजवळ दुप्पट!

इथे बरेच जण थांबतात. काही म्हणतात, ग्रंथ चुकला. काही योजनाला असा आकडा चिकटवतात की उत्तर हवं तसं यावं. दोन्ही घाईचं आहे. त्याच भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं सांगितला आहे. तोही १८ इंची हातांनी मोजून पाहा: ७२,६६९ किलोमीटर येतो, आणि खरा आहे साधारण ४०,०००. चंद्राचं अंतर फुगलं तशी पृथ्वीही फुगली. म्हणजे दोष चंद्रात नाही, आपण मध्ये घुसवलेल्या १८ इंचांच्या हातात आहे.

मग हात सोडून द्या आणि योजनाला योजनाने भागा. भास्कराचार्यांच्या पृथ्वीची त्रिज्या सुमारे ७९० योजनं. चंद्र त्या त्रिज्येच्या ६५ पट लांब. आजच्या मोजणीत ही पट ६० आहे. दुर्बिणीशिवाय, लंबन (पाहणाऱ्याची जागा बदलली की आकाशात दिसणारं सरकणं) आणि ग्रहणं पाहून काढलेलं हे उत्तर आहे.

उलट बाजूने आले तर योजनाची लांबी निघते. भास्कराचार्यांच्या परिघावरून एक योजन ८ किलोमीटरच्या आसपास. आर्यभटांनी पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं धरला, त्यावरून १२ किलोमीटर. दोघांची साखळी ३२,००० हातांची, पण आर्यभटांचा हात त्यातून ३८ सेंटिमीटरचा निघतो आणि भास्कराचार्यांचा २५ चा. पंचवीस सेंटिमीटरचा हात कुठल्याच मोठ्या माणसाचा नसतो. म्हणून जमिनीवरचं कोष्टक आणि आकाशातलं योजन ही दोन वेगळी खाती समजून चालावं. एका खात्यातला आकडा दुसऱ्यात नेऊन बसवला की हिशेब बिघडतो.

म्हणजे गुणोत्तर काढलं की सगळं बरोबर येतं?

नाही. चंद्राचं येतं, सूर्याचं येत नाही. सूर्यसिद्धांतात सूर्याची कक्षा ४३,३१,५०० योजनं आहे. त्यातून सूर्य पृथ्वीच्या त्रिज्येच्या ८६२ पट लांब निघतो. खरी पट साडेतेवीस हजारांच्या घरात आहे. सत्तावीस पटींची ही तफावत एका गृहीतकामुळे पडली. सगळे ग्रह रोज सारखीच योजनं चालतात असं मानलं होतं, मग ज्याला फेरीला जास्त वेळ लागतो त्याची कक्षा तेवढी मोठी. चंद्राचं लंबन जवळजवळ एक अंश, ते डोळ्यांना सापडतं. सूर्याचं लंबन नऊ विकलांहूनही कमी, आणि विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. ते सापडायला दुर्बीण लागली, आणि शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना, पाहायला १७६९ साली पृथ्वीच्या टोकाटोकांना माणसं पाठवावी लागली.

इतके मोठे आकडे मराठीत म्हणायचे कसे?

लीलावतीतच नावं आहेत: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. अब्ज म्हणजे शंभर कोटी, तिथून मोजत जावं. एक प्रकाशवर्ष १.०३ मध्य वार भरतं. म्हणजे 'प्रकाशवर्ष म्हणजे एक मध्य वार' असं म्हटलं तर शंभरात साडेतीनचीच चूक. तोंडी हिशेबाला हे पुरेसं आहे.

'दिवस कासराभर वर आला' म्हणजे किती?

कासरा ही बैलाची दोरी, तिची लांबी मोजता येते. पण आकाशातला कासरा मीटरात मोजता येत नाही, कारण सूर्याची उंची हा कोन आहे. रूपांतराच्या प्रश्नांत सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. 'चांदणी चंद्रापासून वीतभर होती' यातली वीत आकाशात लांब केलेल्या हाताची आहे. हात ताठ समोर धरला तर करंगळीची रुंदी साधारण एक अंश, मूठ दहा अंश, ताणलेली वीत वीस-बावीस अंश. लहान मुलांचा हात आखूड तशी मूठही लहान, म्हणून त्यांनाही हेच अंश लागू पडतात.

बाबिलोनचे ज्योतिषीही ताऱ्यांमधलं अंतर हातांत आणि बोटांतच लिहून ठेवत. त्यांचा तो हात २४ बोटांचा, आणि आकाशात साधारण दोन ते अडीच अंशांचा. आपला हस्तही २४ अंगुळांचाच.

पार्सेक वाराने समजावून सांगता येईल?

येईल, आणि तसाच तो चटकन कळतो. एक वार लांबीची पट्टी कुणीतरी आडवी धरून उभं आहे. तुम्ही मागे मागे जात राहा. १८९ किलोमीटर लांब गेलात, मुंबईहून पुण्याच्याही पुढे, की ती पट्टी बरोबर एक विकला एवढी दिसेल, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. पट्टीची लांबी आणि हे अंतर यांचं प्रमाण १ ला २,०६,२६५. आता वाराच्या पट्टीऐवजी पृथ्वी ते सूर्य हे अंतर आडवं धरा. ते जिथून एक विकला दिसेल, ती जागा एक पार्सेकवर. १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर याच भूमितीने काढलं. पार्सेक हा शब्द १९१३ चा.

मुलांना मैदानावर दाखवायचं असेल तर कुठलं माप घ्यावं?

मुंबईचा जुना तसू घ्या. मी पुष्कळ मापं घेऊन पाहिली, याच्याइतकं सोयीचं दुसरं सापडलं नाही. पृथ्वी ते सूर्य म्हणजे एक तसू, २.८६ सेंटिमीटर. नेपच्यून सूर्यापासून ३० तसूंवर, आणि वारात तसू ३२. म्हणजे सगळे ग्रह एका वाराच्या पट्टीवर बसतात! सूर्य पाव मिलिमीटरचा, शिवणाच्या दोऱ्याच्या जाडीचा. त्यासाठी मी पट्टीच्या एका टोकाला पिवळ्या दोऱ्याची गाठ मारतो. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ हे अंतराळयान आता १७० तसूंच्या आसपास, म्हणजे सव्वापाच वारांवर आहे. नऊवारीच्या निम्म्याच्या थोडं पुढे.

प्रकाशवर्ष मात्र मैदानात मावत नाही. ते १,९७६ वारांवर, पावणेदोन किलोमीटरच्या पुढे पडतं. सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा, साडेसात किलोमीटरच्याही पलीकडे. मी मुलांना त्यांच्या शाळेपासून तेवढ्या अंतरावरच्या गावाचं नाव विचारतो. नाव कुणीतरी सांगतं, आणि मग सगळे पुन्हा त्या दोऱ्याच्या गाठीकडे वळून बघतात.

इंचाने करायचं असेल तर एक इंच म्हणजे सूर्यापर्यंतचं अंतर, एक मैल म्हणजे प्रकाशवर्ष. मैलात ६३,३६० इंच, प्रकाशवर्षात ६३,२४१ खगोलीय एककं. हा केवळ योगायोग, पण फार उपयोगाचा.

कापडाऐवजी सूत मोजलं तर?

इचलकरंजी-मालेगावकडून आलेले पालक हे हमखास विचारतात, कारण सुताचा 'नंबर' त्यांच्या रोजच्या बोलण्यातला. सुती धाग्याचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. ८० नंबरच्या सुताचे एका पौंडात ६७,२०० वार. चंद्रापर्यंत एकच धागा न्यायचा तर २,८३७ किलो सूत लागेल, एक लहान टेम्पो भरेल एवढं. सूर्यापर्यंत ११०४ टन. एका प्रकाशवर्षाला सुमारे सात कोटी टन. साऱ्या जगात वर्षाला साधारण अडीच कोटी टन रुई पिकते, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचं पीक एका धाग्यात जाईल. कताईतली घट यात धरलेली नाही.

उत्तरात किती अंक लिहावेत?

ज्या मापाची खात्री सगळ्यात कमी, त्याच्याएवढे. वार आणि मीटर नेमके आहेत, तिथे हवे तेवढे लिहा. १८ इंची हात म्हटलं की दोन अंक पुरे. आजीच्या हाताने मोजलं असेल तर 'साधारण' हा शब्द लिहावाच. गणकयंत्र बारा अंक दाखवतं म्हणून ते सगळे उतरवू नयेत. लुगड्यातला अठरा सेंटिमीटरांचा फरक पुसून टाकणारे ते अंक खोटे असतात.

हे सगळं पाहायला कुठे जाता येईल?

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण आहे. तिथल्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्या मठाला दिलेल्या दानाची नोंद त्यावर आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या पेठेत जे 'केणें', म्हणजे जो माल, विकायला येईल, त्यावर राजाला मिळणारा कर मठाला दिला, असं त्यात लिहिलं आहे. गाडीने पायथ्यापर्यंत जाता येतं. पावसाळा संपता संपता गेलात तर डोंगर हिरवा असतो आणि रात्री आकाशही स्वच्छ मिळतं.